कोंडीची चाखणी आणि साहेबाचं पिंप

दारू पिणं वेगळं आणि दारू कळणं वेगळं. हे ज्याला पटत नसेल त्यानं पुढं वाचायची तसदी घेऊ नये. आमच्या डोंगरातल्या माणसाचं नाव निघालं की शहरातल्या शहाण्यांना फक्त पिणं दिसतं. त्यांच्या क्लबात पेला नाकाशी धरून डोळे मिटणारा दर्दी ठरतो, आणि तेच आमच्या पाड्यावरच्या बाईनं केलं की ती बेवडी. हे कुठलं माप, ते त्यांनाच विचारा. मी कोंडीची गोष्ट सांगतो.

कोंडी जामसरच्या बाजूच्या एका पाड्यावरची. जव्हारला राजाचं राज्य होतं आणि जगाची पहिली मोठी लढाई अजून पेटायची होती, तेव्हाची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाच्या, म्हणजे नवसूच्या, अंगणाला लागून तिची झोपडी. भात लावणं, नागली काढणं, मोहाची फुलं वेचणं सगळ्याच बाया करत. पण आसपासच्या पाड्यांवर कोंडीचं नाव होतं ते तिच्या जिभेमुळं. ती चाखणी होती.

तेव्हाची रीत अशी, की सोयरीक जुळली की मुलाकडची माणसं मोहाची दारू घेऊन मुलीच्या अंगणात यायची. ती मुलीकडच्यांनी प्यायली की सोयरीक पक्की. कागद नाही, शिक्का नाही, भटजी नाही. पण पिण्याआधी मुलीकडचं एक माणूस ती चाखायचं. पाणी ओतलंय का, नवसागर मारलाय का, गूळ ढकललाय का. सोयरिकीच्या दारूत जो लबाडी करतो तो उद्या सुनेच्या ताटातही करणार, असा साधा हिशेब. चाखणीनं मान डोलावली की चार थेंब धरतीला द्यायचे, मग म्हाताऱ्यांना, मग बाकीच्यांना. चाखणीनं नाही म्हटलं की पाव्हणे कोरड्या घशानं घरी.

कोंडी हे काम मोठ्या तोऱ्यात करायची. आदल्या दिवसापासून मिरची बंद, सुकट बंद. आधी नागलीच्या कोरड्या भाकरीचा तुकडा चावून तोंड साफ करायची. मग दारूचं बोट निखाऱ्यावर झटकायची आणि जाळ निळा येतो का बघायची. वाळल्या भोपळ्याचा तुंबा हलवून वर आलेले फेसाचे मणी किती टिकतात ते बघायची. थोडी तळहातावर चोळून नाक लावायची. जीभ सगळ्यात शेवटी. एवढं झालं की लगेच निकाल, आणि तोही मोठ्यानं. एकदा स्वतःच्या चुलतभावाला भर मांडवात म्हणाली, "भट्टीच्या मडक्यात परवा कोलीम रांधलं होतंस. वहिनीला सांग, मडकं घासत जा." चुलतभाऊ वर्षभर बोलला नाही. कोंडीला त्याचं काही नव्हतं. आपण चुकू शकतो असं तिला कधी वाटलंच नव्हतं, आणि पाड्यालाही नाही.

अशा बाईच्या भाचीची, नवसूच्या सोमीची, सोयरीक आली. मुलगा मोखाड्याकडचा, जिवाचा बाबल्या. खरं सांगायचं तर सोयरीक पोरांनीच जुळवली होती. बोहाड्याच्या जत्रेत मुखवट्यांची सोंगं नाचत होती आणि ही दोघं सोंगं सोडून एकमेकांना बघत होती. सोमीनं बापाला स्वच्छ सांगितलं होतं, "करीन तर त्यालाच. नायतर तुझी भाकरी भाजत बसेन, मग तू कंटाळ." नवसूची ना नव्हती. आत्याची तर नव्हतीच.

भानगड केली ती मुलाच्या बापानं, जिवानं. हा जिवा रस्त्याची आखणी करायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाकडं मोजणीच्या साखळ्या ओढायच्या कामाला होता. साहेब त्याच्या देशातल्या डोंगरी मुलखातला, लाल मानेचा, चालायला टणक. पण घाटात त्याला ताप भरला तेव्हा जिवानं त्याला पाठीवर घालून तळावर आणलं. साहेब बरा झाला आणि त्यानं आपल्या खाजगी पिंपातली दारू काचेचा एक बुधला भरून जिवाला दिली. जिवाच्या डोक्यात किडा वळवळला. मोहाची तर सगळेच आणतात. आपण साहेबाची नेऊ. जामसरवाले नातवंडांना सांगतील.

सांगतात, तेही खरंच.

ठरल्या दिवशी नवसूच्या अंगणात माणसं जमली. जिवानं बुधल्यावरचं फडकं ओढलं आणि सगळ्यांच्या माना पुढं आल्या. आतली दारू तांबूस होती, उन्हात धरली तर जुन्या तांब्याच्या हंड्यासारखी. आता हे नीट समजून घ्या, की आमच्याकडं चांगली दारू म्हणजे पहिल्या धारेची, पाण्यासारखी निवळ. रंग आला म्हणजे मडकं करपलं, नाहीतर कुणीतरी काहीतरी घातलं. तिसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता.

"काढा आणलास का रे?" नवसूनं विचारलं. "कुणाला पडसं नाय झालंय इथं."

"साहेबाची आहे," जिवा छाती काढून म्हणाला. "मोठे मोठे गोरे पितात ती. बारा वर्षांची जुनी."

"बारा वर्षांची?" कोंडी भाकरी चावता चावता म्हणाली. "बारा वर्षं कुणी प्यायली नाय, यातच काय ते आलं."

अंगण हसलं. जिवा हसला नाही.

कोंडीनं बोट निखाऱ्यावर झटकलं. जाळ निळा आला, आणि असा उठला की ती मागं सरकली. बुधला हलवला. मणी आले ते जाईनात. म्हणजे जोर होता. मग तळहातावर चोळून नाक लावलं, आणि इथं ती थांबली. कसलासा गोड वास, त्यामागं लाकूड, त्यामागं आणखी काहीतरी, ओळखीचं पण नाव न आठवणारं. वाटीत ओतून जिभेवर घेतली. गोड लागली, मग कडवट, मग घशातून उतरली तरी तोंडातून जाईना.

कोंडी थांबली आहे हे सगळ्यांनी बघितलं. ती आजवर कधी थांबली नव्हती. पाड्यातला सगळ्यात वयस्क लाडक्या म्हातारा म्हणाला, "काय गं, जीभ झोपली का?" दाराआडून सोमी बघत होती, अंगणाच्या कडेला बाबल्या माती उकरत होता. मला कळत नाय, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण हे तीन शब्द तिच्या तोंडाला माहीत नव्हते.

"गूळ," ती म्हणाली. "करपवलेला गूळ घातलाय."

"पुन्हा बोल," जिवा म्हणाला.

"करपलेला गूळ. रंग बघ, गोडी बघ. साहेबानं घातला का तू, ते तुम्ही बघा."

जिवानं बुधला उचलला, पागोटं नीट केलं आणि चालायला लागला. त्याची माणसं त्याच्यामागं गेली. बाबल्यानं एकदा दाराकडं बघितलं आणि तोही गेला. सोयरिकीत भेसळ केली हा आमच्यात चोरीपेक्षा मोठा आरोप. त्यातून नातं जुळत नाही, वैर जुळतं.

सोमी रडली बिडली नाही. सकाळी ती ओटीवर उकिडवी बसून काहीतरी बघत होती. कोंडी उठून आली तशी म्हणाली, "आत्या, इकडं ये. हे काय ते सांग."

ओटीवर कालची चाखणीची वाटी तशीच पडली होती. शेजारी कोंडीच्या भाकरीचा चुरा. चुऱ्याला मुंग्यांची रांग लागली होती. ती रांग वाटीला वळसा घालून जात होती. वाटीच्या आत एक मुंगी नाही.

"गूळ होता ना?" सोमी म्हणाली. "मग ह्या मुंग्या काय उपाशी मरायला निघाल्यात?"

"दारूत मुंगी येत नाय."

"दारू रात्रीच उडाली. वाटी कोरडी आहे. गूळ काय तिच्याबरोबर उडाला?"

कोंडीनं वाटीत बोट फिरवलं. बोट चिकटलं नाही. तिनं दुसरी वाटी आणली, मोहाची दारू ओतली, गुळाचा खडा विरघळवला आणि वाटी उन्हात ठेवली. ऊन चढलं, दारू उडाली, तळाशी तांबडा चिकटा राहिला, आणि मुंग्या अशा तुटून पडल्या की वाटी काळी झाली.

"मुंगीला कळलं," सोमी म्हणाली. तेवढं बोलून ती पाण्याला गेली.

नवसूनं मोखाड्याला माणूस धाडला. जिवाचा निरोप आला तो असा, की चाखणी चुकली तर भांडं तिनं भरून द्यायचं ही जुनी रीत आहे. तीच दारू आणावी, त्याच अंगणात, त्याच माणसांपुढं ठेवावी आणि गूळ होता की नव्हता ते बोलावं. नाही जमलं तर शिरपामाळच्या बाजूला एक पोर सांगून आली आहे, बाबल्याला तिकडं देतो. बुधल्याचं म्हणाल तर तो परतीच्या वाटेवरच रिकामा झाला होता. रागावलेली माणसं भरलेला बुधला घेऊन एवढं चालतील, ही आशाच चुकीची.

म्हणजे दारू आता एकाच ठिकाणी होती, साहेबाच्या पिंपात.

कोंडीनं भट्टी लावली. पहिल्या धारेची काढली, मोठा तुंबा भरला, डोक्यावर घेतला आणि नवसूला म्हणाली, "चल." त्या दिवसांत मक्तेदाराच्या गुत्त्याबाहेरची दारू बाळगणं हा गुन्हा होता. झाड आमच्या दारातलं, फूल आमच्या हातानं वेचलेलं, आणि गुन्हा आमचा. तो मक्ता देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना जे म्हणायचं ते मी एरवी सभेत म्हणतो, इथं नको. सांगायचं एवढंच, की ही बाई गुन्ह्याचा तुंबा डोक्यावर घेऊन सरळ सरकारी तळावर चालली होती, आणि नवसू तिच्या मागं दहा हात अंतर राखून, जणू ओळखच नाही.

मोखाड्याच्या पुढं आंब्यांच्या सावलीत तंबू होते. पहिला भेटला तो साहेबाचा बटलर, गोव्याचा, पांढरा कोट घातलेला.

"काय पाहिजे?"

"तुझ्या साहेबाची दारू. ही माझी घे, ती तुझी दे."

बटलर पोट धरून हसला. "बाय, ती बारा वर्षं पिंपात होती."

"ठाऊक आहे. माझी काल काढलीय. ताजी आहे."

हसणं ऐकून साहेब तंबूबाहेर आला. साखळीवाल्यांबरोबर राहून त्याला आपली भाषा तोडकीमोडकी येत होती. कोंडीनं त्याला सगळं सांगितलं, गुळासकट. ती त्यालाही तूच म्हणत होती, कारण आमच्या बोलीत देवालाही तू म्हणतात. बटलर दर वेळी कळवळत होता. साहेबाला फरक पडत नव्हता. गुळाचं ऐकून तो मात्र लाल झाला.

"माझी दारू. गूळ?"

"म्हणून तं आले. माझी चाख आधी, मग बोल."

साहेबानं पेला मागवला. तुंब्यातली थोडी ओतली, उजेडाकडं धरली, पेला गोल फिरवला, नाक घातलं, नाक काढलं, थांबला, पुन्हा घातलं. मग घोट घेऊन तोंडात घोळवला आणि डोळे मिटून उभा राहिला. नवसू बहिणीच्या कानाशी लागला. "हा पण चाखणी दिसतो."

"गप. त्याला ऐकू दे जिभेचं."

साहेबानं डोळे उघडले आणि बटलरला काहीतरी सांगितलं. बटलर म्हणाला, "साहेब म्हणतो चांगली आहे, साफ आहे. पण वासरू आहे. उड्या मारते. बांधून ठेवायला पाहिजे होती."

"आणि त्याची म्हातारा बैल," कोंडी म्हणाली. "अंगाला गोठ्याचा वास."

हे बटलरनं सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही, साहेबाला कळलं होतं. तो मांडीवर थाप मारून हसला आणि तिला पिंपाकडं घेऊन गेला.

छोटंसं पिंप, लोखंडी पट्ट्यांचं. कोंडीनं बूच काढायला लावलं आणि नाक भोकाला लावलं. बटलरनं आता मास्तरकी सुरू केली. आधी म्हणे ह्या पिंपात दुसऱ्याच मुलखातली दारू होती, गोड, द्राक्षांची. ती लाकडानं पिऊन घेतली. मग पिंप रिकामं करून त्यात साहेबाच्या गावची धान्याची दारू भरली आणि ठेवून दिली. रंग लाकडाचा, गोडी त्या आधीच्या दारूची.

"धान्याची दारू? मग खातात काय?"

"सातूची. बरंच पिकतं तिकडं."

"आणि दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्यात? ह्यांच्यात कुंभार नाय?"

बोलता बोलता ती पुन्हा भोकावर वाकली, आणि तशीच राहिली. नवसूला वाटलं हिला चढली. पण तिला तो वास सापडला होता, अंगणात नाव न आठवलेला. पावसाळा सरता सरता कणगीचं झाकण काढलं की सुक्या मोहाच्या फुलांचा जो वास येतो, तो. आपल्याच घरातला.

"सुकलेल्या फळाची गोडी आहे ही," ती म्हणाली. "गुळाची नाय. मी घाई केली." हे ती कुणाला म्हणाली ते नवसूला कळलं नाही. साहेबाला म्हणाली असेल, नाहीतर पिंपाला.

मग तिनं पिंपावर बोटानं टकटक केलं. वरचा भाग पोकळ वाजला. "अर्धं तं तूच प्यालास."

"नाही," साहेब म्हणाला. "बूच घट्ट. तरी दर वर्षी थोडी जाते."

"कोण पितं?"

"कुणी नाही. उडते. आपोआप."

"कुणी नाय हे तुला काय ठाऊक?" कोंडी म्हणाली, आणि ते तिनं मनात ठेवलं.

मग मोल ठरवायला बसले. कोंडीचं म्हणणं तुंब्याला तुंबा. साहेबानं मान हलवली. हिची एका दिवसाची, त्याची बारा वर्षांची.

"बारा वर्षं काम पिंपानं केलं," कोंडी म्हणाली. "तू काय केलंस? मी भट्टीपुढं बसून धूर खाल्लाय. डोळे बघ माझे."

साहेबानं थोडा विचार केला. "बारा वर्षं घरात असून प्यायली नाही. हे काम नाही?"

कोंडीनं नवसूकडं बघितलं. नवसूनं जमिनीकडं बघितलं. त्यांच्या घरात बारा दिवस टिकलेली दारू कुणाच्या आठवणीत नव्हती.

"ते खरं," कोंडी म्हणाली. "ते मोठं काम आहे. त्याचं मोल द्यायला पाहिजे."

सौदा झाला. भरल्या तुंब्याला एक बाटली, आणि होळीला वर आणखी एक तुंबा. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं, म्हणजे सौदा बरोबर होता. बटलरनं मध्ये दलाली म्हणून मोहाचा एक पेला मागितला. तो प्यायल्यावर त्यानं साहेबाचा कोट उलटा टांगला म्हणतात.

पुन्हा तेच अंगण, तीच माणसं. जिवा आला होता, पण बसला नव्हता. कोंडीनं बाटली मधोमध ठेवली आणि उभी राहिली. तिनं वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं.

"ऐका," ती म्हणाली. "ही दारू लाकडाच्या पिंपात बंद होती. बूच घट्ट. तरी दर वर्षी थोडी कमी व्हायची. माणूस पीत नव्हता. मग कोण पीत होतं? आपण देवाला आधी चार थेंब देतो. इथं देव आपल्या हातानं घेत होता, बारा वर्षं. देवानं घेतलेली दारू माणसानं चाखून बघायची नसते. म्हणजे ती चाखणीच रीतीबाहेरची झाली. ती मोडली. आता प्या."

माणसं खूश झाली. बोलणं फक्कड होतं. लाडक्या म्हाताऱ्यानं मान डोलावली, नवसूनं पानांचे द्रोण पुढं केले. सगळं सुटलं होतं.

जिवा अजून उभाच होता.

"देवाचं कळलं," तो म्हणाला. "माझं काय? मी गूळ घातला होता का नव्हता?"

कोंडीनं त्याच्याकडं बघितलं. मग दाराकडं. ह्या वेळी सोमी दाराआड नव्हती. ती उंबऱ्यावर, सगळ्यांसमोर उभी होती आणि आत्याच्या तोंडाकडं बघत होती. पलीकडं बाबल्यानं माती उकरणं थांबवलं होतं. कोंडीचा जबडा भाकरी चावल्यासारखा हलला, तोंडात भाकरी नसताना.

"नव्हता," ती म्हणाली.

"ऐकू नाय आलं."

"नव्हता, जिवा. मला कळली नाय दारू. कळली नाय आणि मी बोलले. तुझ्या दारूत खोट नव्हती, माझ्या बोलण्यात होती. आता बस खाली, सगळ्यांच्या माना दुखल्या वर बघून."

जिवा बसला.

सोमीनं बाटली उचलली. चार थेंब धरतीला दिले. मग तिनं स्वतःच्या हातानं द्रोणांत थोडी थोडी ओतली, पहिला द्रोण जिवाला, दुसरा लाडक्या म्हाताऱ्याला. बाबल्याला दिला तेव्हा जरा जास्त ओतली, ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणी बघितलं नाही. बाया, बाप्ये, सगळ्यांनी घोट घेतला. सोयरीक पक्की झाली.

घोट घशाखाली उतरले. एकेकाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. नवसूनं डोळे बारीक केले होते. एकजण जीभ टाळूला लावून लाकडाची ढलपी शोधत असल्यासारखा बसला होता. पण एवढं रामायण होऊन आलेल्या दारूला नावं ठेवायची कुणाची छाती होईना. सगळे लाडक्या म्हाताऱ्याकडं बघायला लागले. वयानं आधी बोलायचा मान त्याचा.

म्हाताऱ्यानं द्रोण खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि जिवाच्या पाठीवर मायेनं हात ठेवला.

"चांगली आहे," तो म्हणाला. मग कोंडीकडं वळला. "बाय, आता दारू काढ."